फळांच्या स्वादाचा दुधाचा चहा घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपला आल्याचा चहा आणि त्यात आंबा, असलं काही आहे का हे?

नाही. तसं करायला गेलात तर पातेल्यात पनीर तयार होईल. मी केलं आहे. महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरी ठेचून उकळत्या चहात टाकल्या आणि दोन मिनिटांत वर पिवळसर पाणी, खाली गुलाबी गुठळ्या. भाची म्हणाली, "मावशी, हे खायचं की प्यायचं?"

हा चहा थंड असतो. कडक चहा वेगळा करून गार करायचा, फळाचा गर वेगळा तयार ठेवायचा, दूध फ्रिजमधलं घ्यायचं आणि तिन्ही गोष्टी पेल्यात आयत्या वेळी एकत्र करायच्या. मॉलमध्ये 'बबल टी'च्या दुकानात मँगो मिल्क टी, स्ट्रॉबेरी मिल्क टी म्हणून जे मिळतं त्याचं हे घरगुती रूप. फरक इतकाच की दुकानात बऱ्याचदा फळाची पावडर असते आणि इथे फळ असतं.

मूळचा कुठला हा प्रकार?

तैवानचा. १९८०च्या दशकात तिथे गार दुधाच्या चहात टॅपिओकाचे, म्हणजे आपला साबुदाणा ज्या स्टार्चचा होतो त्याचे, काळे गोळे टाकायची पद्धत सुरू झाली. ताइचुंग शहरातलं चुन शुई तांग आणि ताइनानमधलं हानलिन ही दोन्ही चहाची दुकानं 'आम्हीच पहिले' म्हणतात. दोघांचं भांडण कोर्टात गेलं, १० वर्षं चाललं आणि २०१९ मध्ये निकाल लागला की हे पेय कोणालाही करता येतं, त्यामुळे पहिलं कोण हे ठरवायची गरजच नाही. मिसळ कोणाची पहिली, यावर आपल्याकडे अजून कोणी कोर्टात गेलं नाही हे नशीब.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. तैवानी दुकानांत पॅशनफ्रूट, लिंबू, संत्रं अशा आंबट फळांचे चहा साधारणपणे बिनदुधाचेच असतात. त्यांनाही तीच अडचण येते जी आपल्याला येते.

दूध फाटतं का? नेमकं काय होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ६.६ ते ६.७ असतो. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं आणि ते कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून दूध एकसंध दिसतं. आंबटपणा वाढून पीएच ४.६ च्या आसपास आला की ही ढकलाढकली थांबते, कण एकमेकांना चिकटतात आणि गुठळी होते. दही लागतं तेही याच वाटेने, आणि लिंबू पिळून पनीर करतो तेही.

आता यात दोन गोष्टी भर घालतात. एक उष्णता. दूध गरम असेल तर इतक्या आंबटाचीही गरज पडत नाही, थोड्यावरही ते फाटतं. दुसरी गोष्ट म्हणजे चहा स्वतः. चहा थोडासा आम्लधर्मी असतो आणि त्यातले तुरट घटक दुधाच्या प्रथिनांना जाऊन चिकटतात. एरवी यामुळेच दुधाच्या चहाची तुरटी कमी लागते, म्हणजे ती आपल्या फायद्याची गोष्ट आहे. पण आंबट फळ, गरम चहा आणि दूध तिघं एकदम भेटले की दुधाचा टिकाव लागत नाही.

म्हणून माझा नियम एकच: चहा गार, दूध गार, फळ गोड. तिन्हीपैकी एक जरी चुकलं तरी धोका आहे, दोन चुकले तर खात्रीच.

कोणती फळं चालतात?

आपल्या आजीने जी फळं दुधात घातली तीच. शिकरणात केळं, बासुंदीत सीताफळ, आमरसात दोन चमचे दूध, शेकमध्ये चिकू. पुण्यात मस्तानीत आंबा. ही यादी पिढ्यान्‌पिढ्या चाखून ठरलेली आहे, तिच्यावर विश्वास ठेवा.

चिकू माझा सगळ्यात लाडका. डहाणू-घोलवडचा चांगला पिकलेला चिकू म्हणजे मुळातच गुळाची चव, आणि आसामच्या कडक चहाला ती इतकी जुळते की साखर जवळपास लागतच नाही. पण चिकू पूर्ण पिकलेला हवा. कच्च्या चिकूची तुरटी आणि चहाची तुरटी एकत्र आली की जिभेला अक्षरशः कोरड पडते. साल काढा, बिया काढा, थंड दुधात फिरवा. शिजवायचं नाही.

सीताफळाचंही तसंच, किंबहुना जास्तच. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणून तर बासुंदी गार झाल्यावर त्यात गर घालतात. चहातही अगदी शेवटी घाला. गर चाळणीवर हाताने घोळवून बिया वेगळ्या करा. मिक्सरमध्ये बिया भरडल्या जाता कामा नयेत, त्या विषारी असतात आणि डोळ्यांना फार झोंबतात.

केळं सोपं आणि स्वस्त. सालीवर काळे ठिपके आलेलं घ्या. ते काळं पडतं म्हणून केलं की लगेच प्यायचं. वेलची घातली तर शिकरणाची आठवण येते, जायफळ घातलं तर जास्त चांगलं लागतं असं माझं मत आहे.

शहाळ्याची मलई हा न सुचणारा पण उत्तम पर्याय. मलई दुधात फिरवली की इतका रेशमी घट्टपणा येतो की क्रीमची आठवण होत नाही.

आणि आंबा?

आंबा चालतो, पण अटी आहेत. हापूस असो की केसर, पूर्ण पिकलेला हवा. मोसमाच्या सुरुवातीचा, वरून पिवळा आणि आतून आंबट आंबा असेल तर सोडून द्या, त्याची कढी करा. पिकलेल्या हापूसमध्येही थोडं आम्ल असतंच, गोडव्याखाली झाकलेलं. थंड दुधात ते निभावून जातं, कोमट चहात नाही.

आंबा आणि चहा मिक्सरमध्ये एकत्र फिरवू नका. पेल्याच्या तळाशी रस, त्यावर बर्फ, त्यावर दूध, शेवटी चहा. मग चमच्याने खालून वर दोनदा ढवळा. थर दिसतात तेही छान आणि प्रत्येक घोटात चव थोडी वेगळी येते.

डबाबंद आमरस वापरायचा तर डब्यावर वाचा. साखर आधीच असते, आणि पुष्कळदा सायट्रिक आम्लही घातलेलं असतं. घटकांच्या यादीत ते आम्लता नियंत्रक ३३० म्हणून लिहिलेलं दिसेल. ते असलेला रस कमी घ्या आणि दूध जास्त.

स्ट्रॉबेरीचं काय? मुलांना तीच हवी असते.

स्ट्रॉबेरी चांगलीच आंबट असते, पीएच साधारण ३ ते ३.५. म्हणून ती सरळ घालायची नाही. २०० ग्रॅम स्ट्रॉबेरीचे तुकडे, ६० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ, मंद आचेवर ६ ते ८ मिनिटं. पाणी घालायचं नाही, तिला स्वतःचंच पुष्कळ सुटतं. मुरंब्याइतकं घट्ट करू नका, चमच्यावरून सावकाश ओघळेल असं ठेवा. पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवा, ५ दिवस सहज टिकतं.

शिजवल्याने आंबटपणा जात नाही, हे लक्षात ठेवा. फक्त साखरेमुळे तो जाणवत नाही आणि पाक दाट असल्याने तो पेल्याच्या तळाशी बसून राहतो, दुधात एकदम मिसळत नाही. एका पेल्याला ३ मोठे चमचे पुरे. इथेही थरच लावायचे, आणि ढवळलं की पिऊन टाकायचं. अर्धा तास ठेवलंत तर पेल्याच्या कडेला बारीक कण दिसायला लागतील. चवीत बिघाड नसतो, पण डोळ्यांना बरं वाटत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी थंडीत भरपूर असते. त्या वेळी हा पाक करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर मे महिन्यातही चहा होतो.

अननस?

अननस, पपई, किवी आणि ताजं अंजीर यांत प्रथिनं तोडणारे एन्झाइम असतात. दुधात पडले की ते दुधाची प्रथिनं तोडतात आणि दहा-पंधरा मिनिटांत दूध कडू लागतं. ओल्या आल्यातही असाच एन्झाइम असतो. चहाच्या कोमट दुधात आलं घातल्यावर कधी कधी दूध फुटतं ना, ते त्यामुळे; म्हणूनच आलं आधी पाण्यात चांगलं उकळून मग दूध घालायचं असतं.

अननसाचे तुकडे साखर घालून ५ मिनिटं चांगले उकळले की एन्झाइम निकामी होतो. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो चालतो. आंबटपणा उरतोच, म्हणून अननसाला मी गाईम्हशीचं दूध घेत नाही, नारळाचं घेते. आणि पपई या चहात मुळीच घालत नाही. कितीही प्रयत्न केला तरी तो वास चहाशी भांडतो.

संत्रं, मोसंबी, कोकम, जांभूळ?

दुधाबरोबर नको. यांचा बिनदुधाचा बर्फाचा चहा करा, फार सुंदर होतो.

पण संत्र्यासाठी एक पळवाट आहे. संत्र्याचा सुगंध रसात कमी आणि सालीत जास्त असतो, आणि सालीतल्या तेलात आम्ल नसतं. नागपुरी संत्र्याची केशरी साल, आतला पांढरा भाग टाळून, बारीक किसा आणि साखरेत बोटांनी चोळून एक तास झाकून ठेवा. ही साखर गरम चहात विरघळवून गाळा. संत्र्याचा घमघमाट येतो आणि दुधाला धक्का लागत नाही.

मोजमाप सांगा. 'अंदाजाने' म्हणू नका.

दोन मोठ्या पेल्यांसाठी:

पाणी ३०० मिली, आसाम सीटीसी म्हणजे दाणेदार चहा १२ ग्रॅम म्हणजे साधारण ५ सपाट चहाचे चमचे, घट्ट थंड दूध २०० मिली, फळाचा गर १४० ग्रॅम, साखर साधारण ३० ग्रॅम, फळाप्रमाणे कमी-जास्त, बर्फ ८ ते १० खडे.

पाणी उकळलं की गॅस बंद करा, चहा टाका, झाकण ठेवा, ४ ते ५ मिनिटं. गाळा. पत्ती पिळू नका, चमच्याने दाबूही नका, कडवटपणा त्या शेवटच्या थेंबांतच असतो. पत्तीने पाणी शोषल्याने हातात २६० मिलीच्या आसपास चहा येईल. साखर गरम चहातच विरघळवा, कारण थंड दुधात ती तळाशी बसते. मग चहा पूर्ण गार होऊ द्या. 'हाताला कोमट' चालत नाही, फ्रिजमध्ये तासभर हवा.

मग पेल्यात गर, बर्फ, दूध, चहा, या क्रमाने. चिकू, केळं, सीताफळ असेल तर गर आधीच दुधात मिसळून घेतला तरी चालतो.

साखर फळ चाखून ठरवा. चिकूला १० ग्रॅम पुरते, स्ट्रॉबेरीच्या पाकात आधीच असते म्हणून चहात घालूच नका.

मी आपला नेहमीसारखा चहा उकळला तर काय बिघडतं?

पत्ती पाच मिनिटं खळखळ उकळली की तुरटी खूप उतरते. आपल्या नेहमीच्या चहात दूधही बरोबर उकळतं आणि ती झाकली जाते. इथे दूध नंतर येतं, तेही थोडं, आणि चहा थंड पिताना तुरटी जास्त बोचते. म्हणून पत्ती जास्त, पण उकळायची नाही.

चहाची चवच लागत नाही. नुसता मिल्कशेक वाटतो.

दहापैकी नऊ जणांचा चहा पातळ असतो. हा चहा नुसता चाखला तर 'पिववत नाही' इतका कडक लागला पाहिजे, कारण त्यात दूध, गर आणि वितळणारा बर्फ असे तीन वाटेकरी येणार आहेत. बर्फाच्या ट्रेमध्ये थोडा चहाच गोठवून त्याचे खडे घातले तर शेवटच्या घोटापर्यंत चव टिकते. या एका युक्तीने माझ्या घरची निम्मी तक्रार मिटली.

उरलेल्या दहाव्या माणसाने केळं जास्त घातलेलं असतं.

चहा कोणता घ्यावा?

चिकू, केळं, खजूर यांना आसाम सीटीसी. तोच, जो डब्यात आहे. दाणेदार पत्तीतून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो.

आंब्याला आणि स्ट्रॉबेरीला निलगिरीचा पानाचा चहा जास्त शोभतो. तो सुगंधी असतो, फळाला दाबत नाही आणि गार झाल्यावर फारसा गढूळ होत नाही. आसामचा कडक चहा फ्रिजमध्ये ठेवला की ढगाळ होतो, कारण कॅफीन आणि चहातले रंगद्रव्य थंडीत एकमेकांना धरून बसतात. ते खराब झालेलं नसतं आणि दूध घातल्यावर कळतही नाही.

सीताफळ आणि लिचीला मोगऱ्याच्या वासाचा हिरवा चहा घेऊन बघा. त्याला उकळतं पाणी चालत नाही, ८० अंशांच्या आसपासचं हवं, आणि २ ते ३ मिनिटंच. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओता आणि दोन-तीन मिनिटं थांबा.

दार्जिलिंग यात वाया घालवू नका.

दूध गाईचं की म्हशीचं? उकळलेलं की पिशवीतलं तसंच?

घट्ट दूध चांगलं. पाश्चराइज्ड पिशवीचं दूध थेट चालतं, पण आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. तापवा हवं तर, मग फ्रिजमध्ये गार करा आणि आठवणीने गाळा. सायीचे बारीक तुकडे चहात तरंगताना अगदी फाटलेल्या दुधासारखे दिसतात. 'माझा दरवेळी फाटतो' म्हणणाऱ्या एका मैत्रिणीच्या पेल्यात शेवटी निघाली ती साय.

जास्त घट्टपणा हवा असेल तर पेल्यात एक मोठा चमचा कंडेन्स्ड मिल्क घाला आणि साखर कमी करा.

सोया दूध आंबटाने लवकर फुटतं, बदामाचंही बेभरवशाचं. दूध चालत नसेल तर नारळाचं दूध सगळ्यात शहाणं.

दूध फाटू नये म्हणून काही हमखास उपाय?

कॉर्नफ्लोअर. २०० मिली थंड दुधात १ चहाचा चमचा कालवा, ढवळत एक उकळी आणा, गार करा. स्टार्च केसीनच्या कणांमध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो. फ्रूट सॅलडच्या कस्टर्डमध्ये द्राक्षं, डाळिंब घालूनही ते टिकतं यामागे हेही एक कारण आहे, कारण कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअरच.

दुकानातल्या क्रीमर पावडरीत फॉस्फेटचे क्षार असतात, ते आम्ल सांभाळून घेतात. म्हणून तिथला चहा तासभर ठेवला तरी तसाच दिसतो. घरच्या चहाकडून ती अपेक्षा करू नका.

गूळ घातला तर?

गुळाच्या चहाचा अनुभव असेलच. गूळ थोडा आंबट असतो आणि त्यात क्षारही असतात, उकळत्या दुधात घातला की फाटायची भीती. इथे दूध थंड असल्याने ती बरीच कमी होते. गुळाचा पाक करून, गाळून, गार करून घाला. चिकू आणि केळ्याला गूळ, आंब्याला साखर. उलट केलंत तर मजा जाते.

ते काळे गोळे घरी होतात का?

होतात, पण वेळ काढून ठेवा. टॅपिओका स्टार्च १०० ग्रॅम, गूळ ४० ग्रॅम, पाणी ६० मिली. गूळ पाण्यात विरघळवून गाळा आणि पुन्हा उकळायला ठेवा. उकळी असतानाच दोन मोठे चमचे स्टार्च घालून भराभर ढवळा, डिंकासारखं चिकट होईल. गॅस बंद करून उरलेला स्टार्च घाला आणि गरम आहे तोवर मळा. उकडीच्या मोदकाची उकड ज्यांच्या हाताला माहीत आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. गार झालं की पीठ तडकतं, म्हणून ओल्या फडक्याखाली झाकून थोडं थोडं घ्या.

हरभऱ्याएवढे किंवा त्याहून लहान गोळे वळा, शिजल्यावर फुगतात. भरपूर उकळत्या पाण्यात २० ते २५ मिनिटं, मग गॅस बंद करून झाकण ठेवून आणखी २० मिनिटं. गार पाण्यातून काढून गुळाच्या पाकात टाका. ३ ते ४ तासांत संपवा. फ्रिजमध्ये ठेवले की भातासारखे कडक होतात, कारण शिजलेला स्टार्च थंडीत पुन्हा आवळतो.

रंग गडद काळा येणार नाही, तपकिरी येईल.

मग साबुदाणाच का नको?

का नको! साबुदाणाही टॅपिओकाच्याच कंदाच्या स्टार्चचा. तमिळनाडूतलं सेलम हे त्याचं मोठं केंद्र, आपल्या खिचडीतला साबुदाणा बहुधा तिकडूनच आलेला असतो. गोळा लहान, चावायला कमी, पण नातं सख्खं.

खिचडीसारखा भिजवू नका. मोठा साबुदाणा ५० ग्रॅम, न भिजवता, ४०० मिली खळखळत्या पाण्यात टाका. १२ ते १५ मिनिटांनी मध्यभागी पांढरा ठिपका उरेल, तेव्हा गॅस बंद करून १० मिनिटं झाका. ठिपका गेला की चाळणीत घालून गार पाण्याखाली धुवा, नाहीतर सगळ्याचा एक गोळा होतो. मग गुळाच्या पाकात. मला तर केळ्याच्या चहात हाच जास्त आवडतो.

चतुर्थीला चालेल का?

चहा, दूध, केळं, साबुदाणा, साखर. तुमच्या घरी यातलं काय चालत नाही ते बघा. कॉर्नफ्लोअरची युक्ती मात्र त्या दिवशी नको.

दूध आणि फळं म्हणजे विरुद्ध आहार ना?

आयुर्वेदात तसं सांगितलं आहे. चरकसंहितेत विरुद्ध आहाराच्या यादीत दुधाबरोबर आंबट पदार्थ येतात. तुम्ही ते पाळत असाल तर हा चहा तुमच्यासाठी नाही, आणि त्यात वाईट वाटायचं कारण नाही. शिकरण आणि आमरस-दूध खाऊन मोठ्या झालेल्या घरात हा वाद दर उन्हाळ्यात एकदा होतो आणि वाटी संपली की मिटतो. पोट बिघडतं असा स्वतःचा अनुभव असेल तर अर्थात त्याचंच ऐका.

लहान मुलांना द्यावा का?

चहात कॅफीन असतं, तेव्हा लहान मुलांसाठी चहा वगळून नुसतं फळ आणि दूध द्या, वरून दालचिनी भुरभुरा, त्यांना फरक कळत नाही. टॅपिओकाचे गोळे मात्र चार-पाच वर्षांखालच्या मुलांना देऊच नका. जाड स्ट्रॉने ओढताना गोळा सरळ घशात जातो आणि अडकू शकतो. मोठ्या मुलांनाही चमच्याने खायला सांगा.

मधुमेह असेल तर?

गोळे आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, आणि वर पाक. ते वगळा. साखर न घालता स्ट्रॉबेरीचे थोडे तुकडे आणि जास्त चहा, इतकंच, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

गरम पिता येईल असं काही नाही का? पावसात गार चहा नको वाटतो.

खजूर. तो फळच आहे, आणि आंबट नसल्याने गरम दुधाला सोसतो. ४ मऊ खजूर बिया काढून पाव वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, वाटून घ्या, गाळा. कडक चहा आणि गरम दूध एकत्र करून गॅस बंद झाल्यावर हा गर घाला. साखर शून्य. सुक्या अंजिराचंही असंच करता येतं, फक्त ते आधी पाण्यात उकळून घ्या. बारीक बिया दाताखाली येतात, काहींना आवडतं.

संत्र्याच्या सालीची साखर गरम चहातही चालते.

जांभळा 'टॅरो' मिल्क टी कशाचा?

अळकुड्यांचा. फळ नव्हे, अळवाचा कंद. पण आपली अळकुडी शिजली की पांढुरकी-करडी दिसते. दुकानातला तो भडक जांभळा रंग बहुतेक वेळा पावडरीतल्या रंगाचा असतो. करायचाच असेल तर अळकुडी पूर्ण मऊ शिजवा, नाहीतर घसा खाजेल. मी एकदा केला, घरच्यांनी नम्रपणे नकार दिला.

खास भांडी लागतात का?

शेकर नको, घट्ट झाकणाची बरणी पुरते. बर्फासकट हलवली की वर छान फेस येतो. जाड स्ट्रॉऐवजी लांब दांड्याचा चमचा.

वीस पाहुण्यांसाठी करायचा आहे.

पाणी ३ लिटर, चहा १२० ग्रॅम, दूध २ लिटर, गर १.४ किलो. चहा आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा. फळ एकच ठेवा, पाहुण्यांना पर्याय दिले की गोंधळ होतो. आधी मोठ्या पातेल्यात कालवून ठेवायचा मोह टाळा. पेले मांडा, तळाशी गर घालून ठेवा, माणसं आली की बर्फ, दूध, चहा. उन्हाळ्यात हापूस, थंडीत चिकू.

किती दिवस टिकतो?

गाळलेला चहा फ्रिजमध्ये २ दिवस. स्ट्रॉबेरीचा पाक ५ दिवस. केळं, चिकू, सीताफळ त्याच वेळी. एकत्र केलेला पेला लगेच संपवायचा.

तरीही उरलाच तर?

फाटलेला नसेल तर कुल्फीच्या साच्यात ओता, काडी खोचा, फ्रीझरमध्ये ठेवा. चिकूच्या चहाची कुल्फी मूळ चहापेक्षा जास्त खपते, आमच्याकडे आता मुद्दाम जास्त करतात.